सुप्याच्या वाऱ्यात छोटा ड्रोन: मोटर बदलण्याआधी वाचा

नगर जिल्ह्यातल्या सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. इथल्या वाऱ्यात खेळण्यातला ड्रोन वाहत जातो, म्हणून जास्त ताकदीची मोटर बसवावीशी वाटते. जरूर बसवा, पण आकडे वाचून.

मोटरचा नंबर तिचं माप सांगतो: ७२० म्हणजे ७ मिमी व्यास, २० मिमी लांबी. ८५२० म्हणजे ८.५ मिमी व्यास, लांबी तीच. म्हणजे ७२० साठीच्या जुन्या फ्रेमच्या खाचेत ८५२० मोटर बसणारच नाही. मोठी मोटर करंटही जास्त ओढते. बोर्डावरचे मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच) तेवढ्या ताकदीचे नसतील तर जळतात. बॅटरी कमकुवत असेल तर व्होल्टेज कोसळतं आणि ड्रोन हवेतच बंद पडतो. त्यामुळे माझ्या मते आधी बॅटरीचं सी-रेटिंग (ती किती करंट देऊ शकते) पाहावं, मग मोटर. पंखेही मोटरला साजेसेच हवेत. ब्रशलेस मोटर घ्यायची तर ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) लागतोच, साध्या बोर्डावर ती फिरत नाही.

एकूण थ्रस्ट (वर उचलणारा जोर) ड्रोनच्या वजनाच्या किमान दुप्पट हवा. वाऱ्यात त्याहून जास्त असलेला बरा.

वजनाकडेही लक्ष ठेवा: २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमच्या वर गेलात की ड्रोन 'नॅनो'तून 'मायक्रो' वर्गात जातो. नगरच्या लष्करी परिसराकडे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघाच.