ई-मेलच्या दप्तरांत अर्धवट शब्दाचा शोध

दप्तर लावणें कठीण, आणि लावलेल्या दप्तरांतून हवा तो कागद वेळेवर हातीं येणें त्याहून कठीण, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. रुमाल, पुडकें, बंद, पान असे टप्पे उतरत जाण्याची संवय आपणां सर्वांस आहे. अलीकडे मात्र संशोधकांचा पत्रव्यवहार बहुतेक ई-मेलनेंच होतो. कागदांचीं छायाचित्रें त्यांतून येतात, वाचनाचे वाद त्यांतच होतात, आणि कोणता कागद कोणाकडून, केव्हां व कोणत्या अटीवर मिळाला याचा पुरावाही तेथेंच राहतो. म्हणजे हें एक नवें दप्तरच झालें. त्यास रुमाल नाहींत, याद्या नाहींत. आहे तो शोधाचा एक रकाना. त्या रकान्यांत शब्दाचा एकादा तुकडा घातला असतां काय सांपडतें, काय सांपडत नाहीं आणि कां, एवढाच विषय प्रस्तुत लेखांत घेतला आहे. तो वरवर यंत्राचा दिसतो, परंतु पाहूं जातां मुळांत व्याकरणाचा आहे.

हें आम्हांस कळलें तें एका चुकीमुळें. एका वतनदार घराण्यांतील वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें कीं, तीन वर्षांमागें आपणांकडे आमच्या घरच्या महजराचीं छायाचित्रें पाठविलीं होतीं; मूळ कागद मध्यंतरीं ओल व वाळवी यांनीं गेला; तरी त्या छायाचित्रांच्या प्रती मिळाव्या. आम्हीं शोधाच्या रकान्यांत ‘महजर’ हा शब्द घातला. कांहीं आलें नाहीं. ‘निमगांव’ हें गांवाचें नांव घातलें. तरी नाहीं. तेव्हां ‘असें पत्र आमच्याकडे आल्याची नोंद नाहीं’ असें उत्तर आम्हीं लेखी पाठविलें. त्या गृहस्थांनीं पुन्हा लिहिलें नाहीं. पुढें सुमारें दोन महिन्यांनीं, अगदीं निराळ्या कामासाठीं, एकेका महिन्याचीं पत्रें हातानें चाळीत असतां तें पत्र समोर उभें राहिलें. त्यांत लिहिलें होतें: ‘निमगावच्या महजराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’ नऊही छायाचित्रें जशीच्या तशीं होतीं.

यंत्रानें खोटें सांगितलें नव्हतें. ‘या रूपांत हा शब्द नाहीं’ एवढेंच त्याचें म्हणणें. ‘कागद नाहीं’ हा अर्थ आम्हीं आपल्या पदरचा घातला. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें आहे, परंतु ती अनुपलब्धि ‘योग्य’ असली पाहिजे अशी अट घातली आहे. वस्तु असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिति असेल, तरच न दिसणें हा तिच्या अभावाचा पुरावा होतो. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें ठरत नाहीं. चाळीस वर्षें संस्कृत शिकवूनही ऐन वेळीं आम्हांस ही अट आठवली नाहीं. तेव्हां शोधाचा रकाना कोणत्या परिस्थितींत ‘योग्य’ असतो, हें पाहणें प्राप्त झालें.

शोध घेण्याच्या पद्धति मुख्यतः दोन. पहिलींत प्रोग्राम प्रत्येक पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीत जातो आणि दिलेला तुकडा कोठें येतो तें पाहतो. यांत तुकडा शब्दाच्या आरंभीं असो, मध्यें असो कीं शेवटीं असो, तो सुटत नाहीं. परंतु पत्रें हजारोंनीं असलीं म्हणजे वेळ लागतो. दुसरी पद्धति शब्दसूचीची. पत्र येतांच प्रोग्राम त्यांतील मजकूर मोकळ्या जागा व विरामचिन्हें पाहून तोडतो, आणि प्रत्येक शब्दाखालीं तो कोणत्या पत्रांत आला त्याचा क्रमांक टिपून ठेवितो. ग्रंथाच्या अखेरीस आपण सूची जोडतों तसाच हा प्रकार. पुढें शोध होतो तो पत्रांत नव्हे, या सूचींत. म्हणून उत्तर क्षणांत येतें. आणि म्हणूनच सूचींत ‘महजराची’ अशी नोंद असली तर ‘महजर’ विचारणारास रिकाम्या हातांनीं परतावें लागतें.

सूचीनें निदान शब्दाचा आरंभ तरी जुळविण्यास अडचण पडूं नये, कारण नोंदी अक्षरानुक्रमानें लाविल्या असल्या म्हणजे एकाच आरंभाचे सर्व शब्द शेजारींशेजारीं येतात. मोल्सवर्थच्या कोशांत ‘किल्ल’ या अक्षरांनीं आरंभ होणारे शब्द एका पानावर बोट ठेवून वाचतां येतील. परंतु ‘श्वर’ या अक्षरांनीं संपणारे शब्द पाहिजे असल्यास सगळा कोश चाळावा लागेल. ब्लूमफील्डनें १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या वैदिक सूचीचा ज्यांनीं उपयोग केला आहे त्यांस हें दुःख परिचित आहे. तींत वैदिक मंत्रांच्या ओळी आद्याक्षरांच्या क्रमानें लाविल्या आहेत. ओळीचा आरंभ आठवत असला तर ती चटकन् सांपडते. मधलाच शब्द स्मरणांत असला तर तो थोर ग्रंथ हातीं असून उपयोग नाहीं.

प्रचारांतील प्रोग्राम या दृष्टीनें पाहतां निरनिराळ्या स्वभावाचे आहेत. जीमेलचा शोध पूर्ण शब्दांवर चालतो. शब्दाच्या पोटांतील तुकडा तो जुळवून देत नाहीं. आउटलुकचा तात्काळिक शोध शब्दाचा आरंभ जुळवितो, मध्य किंवा शेवट जुळवीत नाहीं. थंडरबर्डमध्यें दोन दारें आहेत. सर्व खात्यांतून शोधणारा मोठा रकाना शब्दसूचीवर चालतो. परंतु ‘क्विक फिल्टर’ नांवाची जी पट्टी आहे ती समोरच्या एका फोल्डरांतील पत्रें घेऊन विषय, प्रेषक व (तसें सांगितल्यास) मजकूर यांत कोठेंही येणारा तुकडा शोधते. आमचा पुढचा सर्व शोध या दुसऱ्या दारानें झाला. मौज अशी कीं, पत्रें सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची जी आयमॅप नांवाची पद्धति आहे, तिच्या २००३ सालच्या नियमपत्रांत (आरएफसी ३५०१) दिलेला तुकडा मजकुरांत कोठेंही आला तरी जुळला असें समजावें, असेंच म्हटलें आहे. वेगाच्या लोभानें पुष्कळ ठिकाणीं व्यवहार सूचीवर येऊन ठेपला. यावर अलीकडील एक तोड अशी कीं, सूची शब्दांची न करितां तीन तीन चिन्हांच्या तुकड्यांची करावयाची. एसक्यूलाइट या प्रसिद्ध संग्रहप्रणालींत ही सोय २०२० च्या डिसेंबरांत आली. हींत सूची फुगते, पण मधला तुकडाही सांपडतो.

आतां मराठीकडे वळूं. इंग्रजींत नाम सहसा आपलें रूप सोडीत नाहीं. शब्दयोगी अव्यय वेगळें लिहिलें जातें. तेथें पूर्ण शब्दाचा शोध बराच पुरा पडतो. मराठींत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, आणि चिकटतांना शब्दाचें सामान्यरूप होतें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, तेव्हांपासून पिढ्यान्पिढ्या मुलें हें प्रकरण घोकीत आलीं आहेत. ‘याचा उपयोग काय?’ असें वर्गांत कोणी विचारिलें म्हणजे आम्ही दटावीत असूं. खरें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आज तें आहे. वतन, सनद, महजर, तह या शब्दांपुढें प्रत्यय आला तरी मूळ अक्षरें शाबूत राहतात. तेथें आरंभ जुळविणारा प्रोग्राम असला म्हणजे भागतें. ‘किल्ला’ मात्र ‘किल्ल्यास’, ‘किल्ले’, ‘किल्लेदार’ असा बदलतो, म्हणून ‘किल्ल’ एवढेंच घालावें. ‘कुळकर्णी’चें ‘कुळकर्ण्यास’ होतें, तेथें ‘कुळकर्ण’. ‘पाटील’ व ‘पाटलास’ यांत समान भाग ‘पाट’ इतकाच, आणि ‘पाट’ घातलें कीं पाटाचें पाणी व पाटणकर हेही आंत शिरतात. ‘मुलूख’ व ‘मुलखांत’ यांची तीच गत. ‘देऊळ’ व ‘देवळांत’ यांत तर ‘दे’ शिवाय कांहीं उरत नाहीं. तेथें दोन वेळां शोध करणें हाच उपाय.

शब्दाच्या शेवटीं विभक्ति, तशी आरंभीं संधि. ‘अभिषेक’ हा शब्द ‘राज्याभिषेक’ यांत आहे असें आपण म्हणतों, पण यंत्रास तो दिसत नाहीं, कारण आरंभींचा ‘अ’ मागील आकारांत लोपला आहे. ‘त्र्यंबकेश्वर’ यांत ‘ईश्वर’ दिसत नाहीं तें याच कारणानें. अशा सामासिक पदांसाठीं पहिला स्वर टाकून ‘भिषेक’, ‘श्वर’ असे तुकडे घालावे, आणि तेही मध्य शोधणाऱ्या दारानें. शाकल्यानें ऋग्वेदाचा पदपाठ केला तेव्हां संधि सोडविले, समासाचे अवयव अवग्रहानें वेगळे केले, इतकेंच नव्हे तर भिस्, भ्यस्, सु अशा प्रत्ययांपूर्वींही पुष्कळदां अवग्रह घातला. शब्दसूचीपूर्वीं करावयाचें काम नेमकें हेंच. यंत्रास मोकळी जागा तेवढी कळते. मोडी कागदांत शब्दांमध्यें जागाच सोडीत नसत. ते कागद जसेच्या तसे सूचीकारापुढें टाकिले तर त्याची काय अवस्था होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

लिपीचीही एक खोंच आहे. यूनिकोड संहितेंत ‘ण’ हें चिन्ह अकारासहित धरिलें आहे. हलन्तचिन्ह त्याच्यापुढें येऊन अकार काढून टाकितें. त्यामुळें ‘पुण’ हा तुकडा व्याकरणदृष्ट्या ‘पुण्यास’ या शब्दांत नसूनही यंत्राच्या दृष्टीनें त्यांत आहे, आणि ‘पुणें’ व ‘पुण्यास’ दोन्ही एका तुकड्यानें सांपडतात. सोबत पुण्य आणि पुण्यतिथिही येतात, तें सोसावें. उलट बाजू अशी कीं, त्याच संहितेंत मात्रा व हलन्तचिन्ह हीं ‘अक्षर’ या वर्गांत न घालतां ‘चिन्ह’ या वर्गांत घातलीं आहेत. जो प्रोग्राम केवळ अक्षरवर्गास शब्दाचा भाग मानितो, तो प्रत्येक मात्रेपाशीं शब्द तोडतो. जावळीच्या मोऱ्यांविषयीं शोधणारांनीं आणखी सावध असावें. ‘मोऱ्यांचा’ यांतील अर्धा र दोन प्रकारांनीं टंकितां येतो. दोन्ही डोळ्यांस सारखे दिसतात, यंत्रास वेगळे.

राहिली लेखनपद्धति. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं व त्यांची पुरवणी १९७२ सालीं झाली. आम्ही येथें जुनी रीत चालवितों, ती हट्टानें म्हणा किंवा संवयीनें. पण ज्यांनीं नवी रीत शिकली ते ‘निमगाव’ लिहितात, आणि आम्ही ‘निमगांव’ शोधतों. मधल्या एका अनुस्वारानें दोघांची गांठ पडत नाहीं. ‘नाही’ या तुकड्यानें ‘नाहीं’ सांपडतें, कारण तेथें अनुस्वार शेवटीं आहे. ‘काही’ या तुकड्यानें ‘कांहीं’ सांपडत नाहीं. शोधापुरता तरी अनुस्वाराचा आग्रह सोडून, त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पुरेशीं अक्षरें असतील तो भाग घ्यावा: ‘निमग’. कागदांतील महजर, महझर, म्हाजर अशीं रूपें तर प्रत्येकीं वेगळीं घातलींच पाहिजेत.

पत्रास जोडलेल्या छायाचित्रांतील मोडी मजकूर या कोणत्याही शोधाच्या कक्षेंत येत नाहीं. मोडी लिपीस यूनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें, पण चित्र तें चित्रच. म्हणून अलीकडे छायाचित्रें आलीं कीं आम्ही तें पत्र स्वतःस पुन्हा पाठवितों आणि विषयाच्या ओळींत गांव, घराणें, कागदाचा प्रकार व साल हीं प्रथमा विभक्तींत, दोन्ही लेखनपद्धतींनीं लिहितों. जुन्या साडेचार हजार पत्रांपैकीं आजवर सहाशेंचें काम झालें आहे. तेवढ्यांतच ‘आलें नाहीं’ असें ज्यांविषयीं आम्हीं पूर्वीं कळविलें होतें अशीं आणखी दोन पत्रें निघालीं. त्या दोघांसही लिहिलें आहे.

निमगांवच्या गृहस्थांकडे आम्ही स्वतः गेलों. छायाचित्रांच्या छापील प्रती त्यांच्या हातीं दिल्या व आमचें पहिलें उत्तर परत मागितलें. त्यांनीं तें फाडलें नव्हतें; वतनाच्या कागदांच्या पिशवींत नीट घडी घालून ठेविलें होतें, आणि परत द्यावयास नकार दिला. तेव्हां त्यावरच ‘हें उत्तर चुकीचें, पत्र पोहोंचलें होतें’ असा शेरा लिहून आम्हीं सही केली. सदर महजराचें वाचन, टिपांसह, पुढील अंकीं देण्याचें योजिलें आहे.