काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे लाल

मी मराठीचा प्राध्यापक, आणि तोही अंबाजोगाईत. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या जिथे आहेत, त्या गावात मराठी शिकवणाऱ्याच्या डोक्यावर चार पांढरे केस असले तर ते खरे म्हणजे शोभून दिसावेत. पण चौतिसाव्या वर्षी एका लग्नात मुलीच्या मामांनी ‘या, या, व्याही!’ म्हणून मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवले. नवरदेव माझा विद्यार्थी होता. घरी परतताना मी कलपाची पहिली पुडी खिशात घालून आणली.

पुढे दहा वर्षे, दर तिसऱ्या रविवारी, कानतुटका कप, जुना टूथब्रश आणि गळ्यात फाटका टॉवेल. आधी डोके, मग शेवटचा हात मिशीवर. सौ. या विधीला ‘साहेबांची रंगपंचमी’ म्हणे. मधूनमधून कानामागे खाज सुटे, मानेवर पुरळ येई. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याने घामोळ्याची काय तक्रार करायची, म्हणून मी ते अंगावर काढले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावरचा रविवार आला. पाहुणे यायचे होते, म्हणून जरा सढळ हाताने रंगलो. रात्री डोके तापल्यासारखे झाले. पहाटे उठलो तो डोळेच उघडेनात! वरचा ओठ भज्यासारखा फुगला होता. आरशात पाहायचीही सोय नव्हती. सौ.ने पाहिले आणि तिच्या हातातले चकलीचे पीठ तसेच राहिले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या शोभल्या असत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, कलप कधीपासून लावता?” मग इंजेक्शन देता देता त्यांनी माझीच शिकवणी घेतली. या कलपांत पॅराफेनिलिनडायमिन नावाचे द्रव्य असते. त्याचे कण इतके बारीक की ते केसाच्या आत शिरतात, आणि तिथे प्राणवायूशी संयोग झाला की फुगून काळे होऊन अडकून बसतात. म्हणून तर रंग धुतला जात नाही. पण काहींच्या शरीराला हे द्रव्य शत्रू वाटू लागते. कधी पहिल्या खेपेस, कधी दहा वर्षांनी. आणि एकदा वैर धरले की ते बहुधा जन्मभर. “आज ओठ सुजलाय. पुढच्या वेळी घसा सुजला, तर श्वास घ्यायला जागा राहणार नाही. आणि दाढ काढायला गेलात तर हे दंतवैद्यांना आधी सांगा. बधिर करण्याच्या काही औषधांचं या द्रव्याशी जवळचं नातं आहे.”

त्या दिवाळीत मला ना उटणे, ना सुवासिक तेल. नुसत्या पाण्याचे अभ्यंगस्नान! सौ. चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “अहो, तुम्ही म्हातारे दिसलात तर मला चालेल.” पुढचे वाक्य तिने बोलून दाखवले नाही.

तरी माणसाची हौस बघा. सूज उतरली तसा मी दुकानात जाऊन विचारले, “झाडपाल्याचं काही आहे का?” दुकानदाराने ‘काळी मेंदी’ पुढे केली. पाकिटावर हिरवेगार पान, लांबसडक केसांची बाई. सौ.ने चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तेच पॅराफेनिलिनडायमिन! तेवढ्यात शेजारच्या भाभी आल्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या दाढीला मेंदी लावतात. त्या हसूनच म्हणाल्या, “भाईसाब, मेंदी काली कब्बी होती क्या?”

होत नाही, हेच खरे. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला चिकटते आणि नारिंगी-तांबडा रंग देते. त्यापलीकडे तिला काही येत नाही. मग भाभींच्या सल्ल्याने राजस्थानातल्या सोजतची निव्वळ मेंदी आणली. वनस्पती झाली तरी ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही, म्हणून आधी चिमूटभर कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबलो. मग लोखंडी कढईत रात्रभर भिजवून तीन तास डोक्यावर वागवली. काळे केस काळेच राहिले, पांढरे तेवढे विझत्या शेकोटीसारखे पेटले. सोमवारी हजेरी घेताना मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, सूर्योदय झाला!”

काळेपणा हवा असेल तर मेंदीवर नीळ चढवावी लागते असे कळले. चिरंजीवांना नीळ आणायला पिटाळले, तर त्यांनी धोतर-सदऱ्यांना घालतात त्या निळीची बाटली आणली! ती नीळ वेगळी. ही म्हणजे नीळ नावाच्या झुडपाच्या पानांची हिरवट पूड. ती टपालाने तमिळनाडूहून आली. कोमट पाण्यात कालवली की दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर साय धरते, आणि तेव्हाच घाईने लावायची. वास ओल्या गवताच्या पेंढीचा. धुतल्यावर केस हिरवट दिसतात आणि घरात हाहाकार होतो. पण हवा लागत जाते तसा दुसऱ्या दिवशी रंग गडद होतो.

ही नीळ साधीसुधी नाही. चंपारणात शेतकऱ्याला बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत ती सक्तीने पेरावी लागे. त्यासाठी गांधीजी 1917 मध्ये तिथे गेले. त्याआधीच, 1897 मध्ये, जर्मनीतल्या बाडिश कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणून शेतातल्या निळीची कंबर मोडली होती. डांबरापासून रंग काढण्याची ती विद्या 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराच्या हातून क्विनीन करता करता निघाली. माझी कलपाची पुडी त्याच घराण्यातली. कारखान्याने हुसकावलेली नीळ शेवटी माझ्या डोक्यावर आश्रयाला आली, याची मला गंमत वाटते.

पण आमच्याकडे खरी अडचण पाण्याची. मेंदी धुवायची, मग नीळ धुवायची. मेंदीचा गाळ केसांतून निघता निघत नाही. 2016 साली केज तालुक्यातले मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते दिवस पाहिलेल्या घरात नवऱ्याच्या केसांसाठी पाणी मागायचे म्हणजे तोंड लहान करूनच मागावे लागते. म्हणून आता दीड-दोन महिन्यांतून एकदा, तेही उन्हाळा वगळून. चैत्र ते ज्येष्ठ मी आहे तसा पांढरा हिंडतो. विद्यार्थ्यांना त्याची सवय झाली आहे. मिशी तर कायमची सोडून दिली. ओठाशी पुन्हा खेळ नको.

यंदाची रंगपंचमी दसऱ्यानंतरच्या रविवारी झाली. सौ.ने न्हाणीघरात दोन बादल्या मोजून ठेवल्या आणि बजावले, तिसरी मागायची नाही. धुतलेले पाणी मागल्या दाराच्या कढीपत्त्याच्या आळ्यात गेले.