विझलेला डायल, जागं रेडियम

फैजपूरच्या मळ्यातलं केळं किरणोत्सर्गी असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे? घाबरू नका, खुशाल खा! केळ्यातल्या पोटॅशियमचा इवलासा अंश मुळातच अस्थिर असतो. एका केळ्यात दर सेकंदाला त्याचे साधारण १५ अणू फुटतात. जादा पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं, विषय संपला.

जुन्या बाजारात हौशी मंडळी उचलतात त्या घड्याळांत, विमानांच्या मीटरांत, रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र असे अणू कधीकधी मुद्दाम भरलेले असत. कशासाठी?

ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधली वायू भरलेली चिमुकली नळी घ्या. चुलीला पहिली काडी लागते, तसा तिला पहिला मोकळा इलेक्ट्रॉन लागतो. तो अणूवर आदळून दुसरा सोडवतो, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि नळी उजळते! उजेडात तो पहिला इलेक्ट्रॉन प्रकाशच सोडवून देतो. पण बंद डब्यातल्या अंधारात? तिथे नळी अडून बसते. म्हणून काही नळ्यांत क्रिप्टॉन-८५ चा अंश घालत. दर पावणेअकरा वर्षांनी तो निम्मा होतो, ५० वर्षांत जेमतेम ४ टक्के उरतो.

रेडियमची तऱ्हा उलटी. डायलवरच्या रंगात ते झिंक सल्फाइडसोबत कालवत. रेडियमचे कण आदळले की झिंक सल्फाइड चमके. काही दशकांत या माऱ्याने झिंक सल्फाइडच थकतं, आकडे काळवंडतात. आणि रेडियम? त्याला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात! ८० वर्षांत ते साडेतीन टक्केसुद्धा घटत नाही. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात दर सेकंदाला ३७,००० अणू फुटत राहतात, डायल विझला तरी!

काच शाबूत असेल तर यातले बहुतेक कण आतच अडतात. खरा धोका रंगाच्या भुकटीचा. ती पोटात गेली की शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि थेट हाडांत नेऊन बसवतं. म्हणून डायल उघडू नका, खरवडू नका. काच फुटलेला तर विकतच घेऊ नका.

आणि भंगारात टाकला तर? २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सर्गी निघाली. माग लागला तो थेट खोपोलीच्या पोलादभट्टीपर्यंत. भंगारातून आलेलं कोबाल्ट-६० पोलादात वितळून सातासमुद्रापार गेलं होतं! तेव्हा घरात असा डायल फुटलाच, तर हातमोजे घालून पिशवीत बंद करा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. भंगारवाल्याला मुळीच देऊ नका.