विश्लेषण : दूध सोडले, पण कॅप्सूलचे काय? ‘व्हीगन’ जगणे पूर्णपणे सुसंगत असू शकते का?

चहात गाईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे दूध, ताटात पनीरऐवजी टोफू, पायात चामड्याऐवजी कापडी चपला. असे जगणारी माणसे आता पुण्या-मुंबईत नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न मात्र ठरलेला असतो, ‘मग औषधाच्या कॅप्सूलचे काय?’ प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही, कारण बहुतेक कॅप्सूलचे आवरण जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. प्राण्यांचा कोणताही वापर न करता आजच्या समाजात राहता येते का, आणि येत नसेल तर या तत्त्वाला अर्थ उरतो का, याचा हा आढावा.

व्हीगन म्हणजे नेमके कोण?

शाकाहारी व्यक्ती मांस, मासे, अंडी टाळते. व्हीगन व्यक्ती त्यापुढे जाऊन दूध, दही, तूप, मध, तसेच लोकर, रेशीम आणि चामडेही टाळते. १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली आणि हा शब्दही रूढ केला. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन म्हणून पाळला जातो. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि हिरवे ‘व्ही’ चिन्ह आणले. दूध-तुपाच्या पदार्थांवरही शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. त्यामुळे वेगळ्या चिन्हाची गरज होती.

दुधाला आक्षेप का?

माळकरी घरांत मांस वर्ज्य असले तरी दूध सात्त्विक मानले जाते. व्हीगनांचा आक्षेप नेमका येथेच आहे. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज घटली आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गोवंशातील माद्या सुमारे १४.५ कोटी, तर नर अवघे ४.७ कोटी होते. २०१२ च्या तुलनेत नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती.

महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. म्हातारा बैल विकता येत नाही आणि दावणीला बांधून त्याला वैरण घालणे परवडत नाही, ही शेतकऱ्याची कोंडी त्यातून तयार झाली. म्हशी आणि रेडे मात्र या बंदीत येत नाहीत. भारत जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकीही एक आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. भाकड जनावराचे पुढे काय होते, याचा विचार न करता दूध अहिंसक ठरवणे ही शाकाहाऱ्यांची विसंगती आहे, असे व्हीगन म्हणतात.

मग व्हीगनांची विसंगती कोणती?

जनावरे गोठ्याबाहेरही जागोजागी आहेत. ड जीवनसत्त्वाच्या अनेक गोळ्या मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनतात. मिठाई आणि सौंदर्यप्रसाधनांतील कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून मिळतो, तर गोळ्यांवरील चकाकी अनेकदा लाखेची असते. तांबे शुद्ध करण्याच्या विद्युत-प्रक्रियेत हाडांपासून केलेला सरस अल्प प्रमाणात वापरण्याची पद्धत आहे. म्हणजे घरातील वायर किंवा हातातील मोबाइलही या साखळीबाहेरचा नाही.

२०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची प्लास्टिकची नोट आणली. तिच्यात प्राण्यांच्या चरबीचा अत्यल्प अंश असल्याचे समोर आल्यावर व्हीगनांसह तेथील हिंदूंनीही आक्षेप घेतला. निषेधाच्या याचिकेवर लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. बँकेने लोकांची मते मागवली, पर्याय तपासले आणि २०१७ मध्ये तेच प्लास्टिक कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. नोट न स्वीकारता दुकान चालवणे बहुतेकांना सोपे नव्हते.

सर्वांत अवघड उदाहरण सर्पदंशावरील लसीचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचले जाते आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून ही लस बनते. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला होता. मृतांमध्ये बहुसंख्य ग्रामीण भागातील असतात. शेतात घोणस चावलेल्या माणसाला ‘यात घोड्याचे रक्त आहे’ असे सांगून थांबवता येत नाही.

भाजी-भाकरीत तरी हिंसा नसते का?

नांगरणीत आणि कापणीत उंदीर, सरडे, बेडूक मरतात. फवारणीत कीटक मरतात. अमेरिकी पशुशास्त्रज्ञ स्टीव्हन डेव्हिस यांनी २००३ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. कमीत कमी प्राणी मरावेत हेच ध्येय असेल, तर शुद्ध वनस्पती आहारापेक्षा कुरणावर चरणाऱ्या मोठ्या जनावरांचे मांस काही प्रमाणात खाणे बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गॅव्हरिक मॅथेनी यांनी त्याच वर्षी त्यातील चूक दाखवली. डेव्हिस यांनी मृत्यू हेक्टरी मोजले होते. मात्र तेवढेच अन्न पिकवायला मांसासाठी कितीतरी जास्त जमीन लागते, हे त्यांनी धरले नव्हते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या पूर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासानुसार, जगातील सुमारे ८३ टक्के शेतजमीन पशुजन्य अन्नासाठी वापरली जाते आणि त्यातून केवळ १८ टक्के उष्मांक मिळतात.

महाराष्ट्रातील शेतीत हा पेच आणखी वेगळा दिसतो. कोरडवाहू पट्ट्यात अजूनही बैलाने पेरणी, कोळपणी होते. साखर कारखान्यांकडे ऊस बैलगाड्यांतूनही जातो. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या नैसर्गिक शेतीचा पायाच देशी गाईचे शेण आणि गोमूत्र हा आहे. रासायनिक खत नको म्हणणारा ग्राहक शेणखताच्या धान्याकडे वळतो आणि शेण नको म्हणणाऱ्याला बहुधा युरियाकडे जावे लागते. हिरवळीचे खत आणि पालापाचोळ्याचे कंपोस्ट हे पर्याय आहेत. पण बाजारातील ज्वारीच्या पिशवीवर ती कशावर पिकली, हे लिहिलेले नसते.

हा दांभिकपणा मानावा का?

व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच त्याचे उत्तर आहे. प्राण्यांचे शोषण आणि क्रौर्य ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर’ टाळणे, असे ती सांगते. शून्य हिंसेचा दावा ती करत नाही. हा विचार भारताला नवा नाही. जैन परंपरेत हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत. ठरवून केलेली हिंसा गृहस्थाने टाळलीच पाहिजे. स्वयंपाक, उपजीविका आणि स्वसंरक्षण यांत अटळपणे घडणारी हिंसा त्याने कमीत कमी ठेवावी, असा त्यामागचा विवेक आहे.

महात्मा गांधींचे उदाहरणही येथे आठवते. गवळी गाई-म्हशींना देत असलेल्या यातना कळल्यावर त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडले. पुढे १९१८ च्या गंभीर आजारपणानंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा ‘व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती,’ असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला. गांधींनी शेळीचे दूध घेतले. मात्र आपण व्रताचे शब्द पाळले आणि आत्मा गमावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. त्यांनी पळवाट वापरली, पण तिला तत्त्वाचे नाव दिले नाही.

तरीही ‘व्यवहार्य’ हा शब्द लवचीक आहे आणि खरा वाद तेथेच आहे. जीव वाचवणारे औषध आणि लग्नातली पैठणी या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. कोश उकळल्याशिवाय पारंपरिक रेशीम निघत नाही आणि पैठणीवाचून कोणाचे अडत नाही. पैशांचा प्रश्नही आहे. बदामाचे दूध साध्या दुधाच्या कितीतरी पट महाग असते आणि बी-१२ हे जीवनसत्त्व व्हीगनांना गोळ्यांतून किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते. कोकरे विकून घर चालवणाऱ्या धनगराला किंवा दोन म्हशींवर मुलांची फी भरणाऱ्या कुटुंबाला जे अशक्य आहे, ते शहरातल्या नोकरदाराला शक्य असते. म्हणून हे तत्त्व स्वतःला लावण्याचे आहे, इतरांना जोखण्याचे नव्हे, असे अनेक व्हीगनही मानतात.

अटळ गोष्टी कायम अटळ राहतात का?

तसा अनुभव नाही. इन्सुलिन अनेक दशके डुक्कर आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. १९८२ मध्ये जिवाणूंच्या साह्याने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज बहुतेक मधुमेही तसेच इन्सुलिन घेतात. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापरण्याची मुभा २०२३ च्या नियमबदलाने मिळाली. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनलेली कॅप्सूलची आवरणेही बाजारात आहेत, फक्त ती महाग पडतात.

त्यामुळे कॅप्सूलच्या प्रश्नाचे आजचे उत्तर साधे आहे. पर्याय असेल तर तो मागायचा आणि नसेल तर औषध घ्यायचे. बालमजुरीला विरोध करणाऱ्याच्या घरातील एखादी वस्तू लहान हातांनी बनलेली निघाली, म्हणून बालमजुरी योग्य ठरत नाही. ती वस्तू कुठून आली, हे विचारणे मात्र त्याला भाग पडते. व्हीगनाचेही तसेच आहे आणि हाच प्रश्न दुधाचा पेला हातात घेणाऱ्या शाकाहाऱ्यालाही चुकत नाही.