नळी आवरणाच्या आत की बाहेर?

मेंदूवर ड्यूरा नावाचे जाड आवरण असते. उतारवयात मेंदू आकसतो, आवरण आणि मेंदू यांच्यातली जागा वाढते आणि ती ओलांडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग न्हाणीघरात पाय घसरला, दाराच्या चौकटीवर डोके आपटले, एवढ्यानेही एखादी शीर फुटते. वर जखम नसते, म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. आत मात्र रक्त हळूहळू साचते, त्याभोवती पापुद्रा धरतो आणि पापुद्र्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्याही झिरपू लागतात. काही आठवड्यांनी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूला झोक जाणे सुरू होते. घरचे म्हणतात, वय झाले. सीटी स्कॅन केल्यावर जुना सबड्यूरल रक्तस्राव सापडतो.

शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते, अनेकदा जागा बधिर करूनच होते. कवटीला एक-दोन भोके पाडतात, ड्यूरा उघडतात आणि इंजिन ऑइलसारखे काळपट पातळ रक्त बाहेर येते. पोकळी सलाइनने धुतात. खरा त्रास पुढे असतो: दबलेला मेंदू लगेच पूर्ववत फुगत नाही, आणि मोकळ्या जागेत रक्त पुन्हा साचते.

वाराणसीसारख्या ठिकाणी हे विशेष जड जाते. काशी हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहारमधून रुग्ण येतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला घेऊन तोच प्रवास दुसऱ्यांदा करणे म्हणजे सगळ्या घराची ओढाताण.

म्हणून भोकातून मऊ नळी ठेवून ती डोक्याच्या पातळीखालच्या पिशवीला जोडतात. तिचा उपयोग किती, हे केंब्रिजमधील अभ्यासाने 2009 मध्ये दाखवले. नळी ठेवलेल्यांपैकी 9.3 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, न ठेवलेल्यांपैकी 24 टक्क्यांवर. सहा महिन्यांतले मृत्यूही निम्म्याहून कमी झाले. नळी ठेवावी का, हा वाद जवळपास तिथेच मिटला.

ती ठेवावी कुठे, हा मात्र मिटला नाही. ड्यूराच्या आत ठेवलेली नळी थेट पोकळीतून निचरा करते. पण तिचे टोक मेंदूला किंवा पापुद्र्याला लागून नवा रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या पद्धतीत नळी कवटीच्या हाडावर, हाडाच्या बाहेरच्या पातळ आवरणाखाली म्हणजे अस्थिवेष्टनाखाली ठेवतात. ती मेंदूपर्यंत पोचतच नाही. स्वित्झर्लंडमधील 220 रुग्णांच्या अभ्यासात हाडावरच्या नळीनंतर 8.33 टक्के, तर आतल्या नळीनंतर 12 टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साचले. संख्याशास्त्राच्या आधी ठरवलेल्या कसोटीला हा निकाल पुरता उतरला नाही. पण मेंदूला इजा आणि जंतुसंसर्ग हाडावरच्या नळीत कमी आढळले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांसाठी तीच नळी आधी विचारात घ्यावी, असे म्हणायला यात पुरेसा आधार आहे.

इतर उपायही तपासले गेले. ब्रिटनमधील 2020 च्या अभ्यासात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे पुनःशस्त्रक्रिया कमी झाल्या, पण रुग्णांची एकूण अवस्था औषध न घेतलेल्यांपेक्षा वाईट राहिली. पापुद्र्याला रक्त पुरवणारी धमनी कॅथेटरने बंद करण्याचे तंत्रही आले आहे. त्यासाठी कॅथ लॅब आणि खास प्रशिक्षण लागते. नळी कुठेही ठेवली तरी ती बहुधा एक-दोन दिवसांत काढतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते प्रत्येक रुग्णाचे हृदय आणि स्कॅन पाहून ठरते.