झाडं तोडून वाचवलेली दलदल
पाण्याखाली पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. तो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. उत्तर स्कॉटलंडमधल्या ‘फ्लो कंट्री’तले कित्येक मीटर जाडीचे थर साचायला हजारो वर्षं लागली. १९८०च्या दशकात करसवलतीपायी तिथे चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. एरवी पुण्याचं वाटणारं हे काम इथे घातक ठरलं: पाणी उतरलं, पीट सुकलं, साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला, उघड्या माळावर घरटी करणारे पक्षी हटले. आता याच प्रदेशातल्या फोर्सिनार्डला झाडं तोडून चर बुजवतात. पाणी पुन्हा साचलं की स्फॅग्नम शेवाळ परततं. पण हळूहळू, दशकं घेत. पाहुण्यांसाठी तिथे पायवाट आणि मनोरा आहे. २०२४मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, हे फार योग्य झालं.