‘निक्स’ पॅकेज मॅनेजर आणि एडिटर यांची सांगड

एका संगणकावर केलेले गणन दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे पुन्हा करता येणे, ही अनेक शास्त्रांतील संशोधनाची प्राथमिक अट होय. त्यासाठी केवळ प्रोग्रॅम जपून भागत नाही. तो ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून असतो त्यांच्या आवृत्त्याही निश्चित कराव्या लागतात. पॅकेज मॅनेजरचे हे कार्य ‘निक्स’ने विशेष काटेकोरपणे साधले आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात २००३ मध्ये त्याचा आरंभ केला व २००६ मधील आपल्या प्रबंधात त्याचे विवेचन केले. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजचे स्थान स्वतंत्र असते आणि त्याच्या नावात, ते ज्या घटकांपासून सिद्ध झाले त्यांवरून काढलेली ३२ अक्षरी खूण असते. घटक बदलला की खूणही बदलते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या परस्परांस बाधा न आणता नांदतात.

एडिटरची अडचण मात्र येथेच उद्भवते. प्रकल्पाची पॅकेजे नेहमीच्या ठिकाणी नसतात आणि मेनूतून उघडलेल्या एडिटरला टर्मिनलमधील परिस्थिती ठाऊक नसते. समजा, पाताळगंगेच्या खोऱ्यातील पर्जन्यमानाचा अभ्यासक काही दिवस कुंभिवलीस राहून काम करतो व उरलेले विभागातील संगणकावर करतो. दोन्हीकडे गणन एकाच आवृत्तीवर चालेल. परंतु एडिटर सुचवील ती फंक्शने आणि दाखवील त्या चुका भलत्याच आवृत्तीच्या असू शकतील.

यावरील उपाययोजना अशी. प्रथम निक्सच्या सेटिंगमध्ये ‘फ्लेक्स’ ही सुविधा चालू करावी. ती अद्याप प्रायोगिक गणली जात असल्याने आपोआप चालू असतेच असे नाही. नंतर प्रकल्पाच्या फ्लेक फाइलमध्ये आवश्यक पॅकेजे नोंदवावीत व त्यांतच ‘निल’ अथवा ‘निक्सडी’ हा लँग्वेज सर्व्हर समाविष्ट करावा. व्हीएस कोडमध्ये ‘निक्स आयडीई’ हे एक्स्टेन्शन घेऊन त्याच्या सेटिंगमध्ये लँग्वेज सर्व्हर चालू करावा व निवडलेल्या सर्व्हरचे नाव द्यावे. शेवटी ‘डायरेन्व्ह’ हा प्रोग्रॅम व त्याचे एक्स्टेन्शन बसवावे. प्रकल्पाच्या फोल्डरमधील त्याच्या फाइलीत ‘यूज फ्लेक’ एवढी एकच ओळ लिहून तिला परवानगी द्यावी. फोल्डर उघडताच एडिटरला प्रकल्पाचीच परिस्थिती प्राप्त होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. प्रकल्प गिटमध्ये असल्यास, गिटला न कळविलेली नवी फाइल निक्सच्या लेखी अस्तित्वातच नसते; फाइल समोर दिसत असूनही ‘सापडत नाही’ असा संदेश येण्याचे हे नित्याचे कारण होय. दुसरे असे की, एडिटरच्या आतील टर्मिनलवरून खात्री करून घेऊ नये, कारण टर्मिनल ती परिस्थिती स्वतंत्रपणे मिळवू शकते. पायथनच्या प्रकल्पात एडिटरने निवडलेल्या इंटरप्रिटरचा मार्ग पाहावा. तो निक्सच्या भांडारातील असेल, तरच सांगड पूर्ण झाली असे समजावे.

आवृत्त्यांची नोंद ठेवणारी लॉक फाइल प्रकल्पाबरोबरच जतन करावी. तिच्या अभावी वर्षभराने तेच गणन करू जाता निराळ्याच लायब्रऱ्या हाती येतील, आणि निष्कर्षातील फरक पावसाचा की आवृत्तीचा, हे सांगणे दुष्कर होईल.